जनावरं कुठं न्यायची होती?

आज सोमवार. पुराच्या वेळी लोकांना वेळेत बाहेर का काढता आलं नाही, यावर आमच्या गावात सभा झाली. गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. या पुरात माझे वडील गेले, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे.

तहसीलमधून आलेले साहेब म्हणाले, "सूचना दिली होती, ट्रॅक्टर पाठवले होते. लोकच निघाले नाहीत."

मागून रामाकाका ओरडले, "अन् म्हशी कुठं न्यायच्या व्हत्या सायेब? तुमच्या हापिसात बांधू का?"

सगळे हसले. तेवढ्यात आमच्या शेजारचा दत्ता म्हणाला, "जनावरापायी माणूस मेला, त्याला सरकार काय करील?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सभेत कधी बोलत नाही, आज उभा राहिलो.

"ट्रॉलीत जनावरं घेणार न्हाई, असं ट्रॅक्टरवाल्यांनी सांगितलं. दावणीला बांधलेलं जनावर पाण्यात ठेवून आमच्यात कुणी जात न्हाई. म्हणून बाबा ट्रॉलीतून उतरले, दावी सोडायला गेले. म्हशी पोहून निघाल्या, बाबांना पाण्याचा जोर पेलला न्हाई. पुढच्या वेळी आधी जनावरांची जागा सांगा, माणसं निघतील."

साहेबांनी नुसती मान हलवली.

दत्ताचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. तुम्ही असता तर ट्रॉलीतून उतरला असता का? खरं सांगा.

घरी आलो तेव्हा धारेची वेळ टळत आली होती. रेडकू सोडलं, म्हैस पान्हावली. बादली गुडघ्यांत धरून एकट्यानंच धार काढली.