दोन पट्ट्यांच्या मधला गंधार

दादरला उतरलो तेव्हा पेटी माझ्या उराशी होती. आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेली, तान्ह्या लेकरासारखी. वऱ्हाडातल्या आमच्या गावापासून तिथवर मी ती खाली ठेवली नव्हती. भजनी मंडळाची पेटी. गावात दुसरी नाही. तिचा मधल्या सप्तकातला शुद्ध गंधार एकाएकी उतरला होता आणि पाच दिवसांनी सप्ताह बसायचा होता. पाचवीतून शाळा सोडून जिनात (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) लागलेल्या माझ्यासारख्यावर गावाने एवढा भरवसा कधी टाकला नव्हता. ती नीट झाली नाही तर परत कोणत्या तोंडाने जायचं, एवढाच विचार गाडीभर.

लालबागला गणपतभाऊंकडे उतरलो. आमच्या गावचे, गिरणीत साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते. खोलीत नऊ माणसं, पण भाऊंनी पेटीसाठी एक फळी मोकळी करून दिली. खाली दिवसभर मिरच्या कुटत. वर आमचे डोळे वाहत. गिरणीच्या दारात कापसाच्या गाठी उतरताना पाहिल्या आणि ओळखीचं कोणी भेटल्यासारखं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ.

"आज नको जाऊ रे. दगड चालले तं पेटी फुटन," भाऊ म्हणाले.

"अन् सप्ताह?"

"मंग जाय. पण गल्लीगल्लीनं जाय."

पेट्या दुरुस्त करणारे अण्णा ठाकूरद्वारला होते, तिथपर्यंत चालत गेलो. वाटेत माणसांचा पूर आणि एकच घोषणा. आमचं वऱ्हाड शेवटी कोणत्या नकाशात बसणार हे मला नीटसं ठाऊक नव्हतं, तरी दोनदा मीही ओरडलो. अण्णांच्या दुकानाला अर्थातच कुलूप होतं. पायरीवर बसलो. धक्के लागून आणखी काही बिघडलं का, म्हणून लुगडं सोडलं, भाता उघडला आणि गंधार दाबला. तोच रडका सूर.

वरून, माडीतून, तोच सूर परत आला. हुबेहूब. मी पुन्हा दाबला, पुन्हा आला. खिडकीतून एक डोकं बाहेर निघालं.

"ए भाऊ! थांबलास कशाला? वर ये. पेटी घेऊन ये!"

हा मिंगेल. गोव्याचा, हॉटेलातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन (पितळेचं वाकडं, फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवायचा. त्याने मला चहात बुडवून पाव खायला लावला, पेटी खाटेवर ठेवली आणि एकेक पट्टी दाबली.

"हा कोमल. हा वरचा शुद्ध. आणि हा तुझा, दोघांच्या मधला. पियानोत नाही, पेटीत नाही. ह्याच्यासाठी मी वर्षभर ओठ फोडतोय रे बाबा, आणि तू कडेवर घेऊन हिंडतोस!"

"दादा, बिघडलाय तो."

"बिघडलाय म्हणूनच बोलतोय."

मग त्याने त्याच्या खलाशी भावाने अमेरिकेहून आणलेली तबकडी लावली. एक माणूस पियानो बडवत गात होता आणि बायका त्याची ओळ संपायच्या आत ती उचलत होत्या. गाणारा प्रत्येक ओळीत नेमका त्याच मधल्या जागी येऊन थांबायचा. आमच्या बिघडलेल्या गंधारावर! अंगावर काटा आला. मी टाळी धरली, ती पहिल्या मात्रेवर पडली; तबकडीतली दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.

"तुझी टाळी देवळातली," मिंगेल हसला. "ह्यांची चर्चमधली. तिथून उचलली आणि नाचाच्या गाण्याला लावली. म्हातारे रागावलेत म्हणे."

"कोण लोक हे?"

"काळे लोक. ह्यांचे आजे-पणजे गुलाम होते. कापूस वेचताना गायचे."

आमच्याकडे पऱ्हाटीत (कपाशीच्या शेतात) बायका वेचणीला गातात, आई ओळ टाकते आणि बाकीच्या ती संपायच्या आत उचलतात. समुद्रापलीकडे कोणी तसंच गातं, हे मला त्या खाटेवर बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दुकान उघडलं. "सात वाद्यं आहेत तुझ्या आधी. आठवड्याने ये."

मिंगेल माझ्यासोबत खाली आला होता. "अण्णा, पहिला नंबर माझ्या गळ्यातल्या पेटीचा, अकॉर्डियनचा ना? तो ह्याला द्या."

"आणि शनिवारच्या लग्नात काय वाजवशील?"

"तोंडाने वाजवीन. पण तो गंधार काढण्याआधी एकदा ऐकू द्या."

अण्णांनी भाता मारला. आम्ही तिघे तो सूर विरेपर्यंत उभे राहिलो. मग त्यांनी आतली, सूर काढणारी पितळी पट्टी काढून उजेडात धरली. मुळाशी केसाएवढी चीर गेली होती. "आणखी दोन दिवसांनी मुकी झाली असती," ते म्हणाले. नवी बसवली. जुनी मी मिंगेलला दिली. त्याने ती रुमालात बांधली.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी गावी पोचलो. गंधार चोख होता आणि मंडळ खूश होतं.

मिंगेल पुढे जहाजावरच्या बँडमध्ये गेला. कोणत्या ना कोणत्या बंदरातून त्याचं पत्र यायचं. त्या चर्चच्या गाण्याला आता सोल म्हणतात, असं एकदा त्याने लिहिलं. बऱ्याच वर्षांनी लिहिलं, आता फंक म्हणून नवीन निघालंय; सूर कमी, ठोका जास्त, आणि सगळा जोर पहिल्या मात्रेवर. "शेवटी तुझ्या समेवर आले रे!"

मी मुंबईला पुन्हा गेलो नाही. पेटी अजून मीच वाजवतो. आईला आता वेचणी होत नाही, पण भजनात ती येऊन बसते आणि ओळ टाकते. तिचा गळा त्या मधल्या, पेटीत आता नसलेल्या जागी येतो, तेव्हा मी गंधारावरचं बोट उचलतो.