मांडी घालण्यापुरतं

माणसं आमच्या दवाखान्यात वजन उतरवायला येतात आणि जाताना किस्से माझ्याकडे ठेवून जातात. अंबरनाथ पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर आहारवाल्या मॅडम बसतात. मी दारापाशी असतो. नाव पुकारतो, पाणी देतो, वजनकाटा पुसतो. मॅडम थुंकी तपासायला पाठवतात आणि ज्याच्या त्याच्या जीन्सप्रमाणे जेवण ठरवून देतात. मी सातवी शिकलेला. मला एवढंच कळलं, की प्रत्येकाचं पोट वेगळं. हे आमची आईही सांगायची, फक्त रिपोर्ट देत नव्हती.

* * *

उल्हासनगरचे एक सिंधी शेठ. त्यांचा जीन्सच्या पँटी शिवायचा कारखाना. मी फोनवर सांगितलं, उद्या सकाळी या, जीन्स टेस्ट करायची आहे. शेठ भली मोठी पिशवी घेऊन आले आणि मॅडमच्या टेबलावर पँटींची चळत मांडली. म्हणाले, कुठंही टेस्ट करा, रंग जाणार नाही.

मॅडमनी चळत बाजूला सारून नळी पुढे केली. "इसमें थूकिए."

शेठचा चेहराच उतरला. "मॅडम, माल इतना भी खराब नहीं है!"

* * *

दुसऱ्या आमच्या हिराबाय, बदलापूरच्या हेंद्रेपाड्याच्या. आगरी घरातल्या. त्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी बाई. धवलारणीनं पाटावर मांडी घालून बसायचं असतं. वजनानं गुडघे धरले, तशी त्यांनी आमंत्रणं घेणं सोडलं.

पण नातीचं लग्न ठरलं आणि नात अडून बसली, आजीच गाईल. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण मग जमिनीवर बसायचं विसरा. ते नको असेल तर आधी वजन उतरवा. म्हणून हिराबाय आमच्याकडे आल्या.

परक्या माणसांसमोर थुंकायचं म्हणून आधी लाजल्या. मग भिंतीकडे तोंड करून नळी भरून दिली. नळी काळीभोर! सकाळची मिश्री तोंडातच होती. आम्हीही तशीच पाठवली. लॅबवाल्यांचा फोन आला, हे माणसाचंच आहे ना?

* * *

दुसरी नळी पाठवली, रिपोर्ट आला. मॅडम समजावून सांगू लागल्या, की हे आईकडून आलंय, हे वडिलांकडून.

हिराबाय म्हणाल्या, "आणि सासूकडून काय आयलंय?"

सासूकडून काही येत नाही, आजी, असं मॅडमनी हसत सांगितलं.

हिराबाय जरा विचारात पडल्या. "मंग माझा सोभाव असा कसा झाला?"

* * *

हिराबायना दुपारी वाटीभर भात आणि मासळीची आमटी चालेल, असं ठरलं. बंद काय, तर गोड चहा आणि भजी. शेठचा मात्र भात बंद. शेठना हे पटेना. ते मॅडमना म्हणाले, माझा रिपोर्ट नवाकोरा आहे, उघडलासुद्धा नाही, बदलून द्या.

मॅडमनी नाही म्हटल्यावर शेठ एका दुपारी थेट हेंद्रेपाड्याला हिराबायच्या घरी जाऊन आमटी-भात जेवून आले. काट्यावर लगेच दिसलं. मॅडम रागावल्या.

"भात अम्मा के रिपोर्ट का था," शेठ म्हणाले. "मैं तो सिर्फ मेहमान था."

* * *

हिराबायनी मात्र मन घट्ट केलं. वजन हळूहळू उतरत गेलं. एकदा बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी एक पाय वर घेतला, मग दुसरा. मी पाहिलं आणि मान फिरवून वजनकाटा पुसायला लागलो. नजर लागायला नको.

लग्नाला मॅडम, शेठ आणि मी, आम्ही तिघंही गेलो. सुनेनं जपून पाटाशेजारी खुर्ची मांडली होती. हिराबायनी ती हातानं मागं सारली. मांडवाचा खांब धरून खाली वाकल्या. बसल्या आणि मांडी घातली. मग गायल्या, काय गायल्या! शेठना एक शब्द कळत नव्हता, तरी डोळे पुसत होते.

लग्न लागलं. पाहुणे जेवायला उठले. दाराशी नवऱ्यामुलाची गाडी येऊन उभी राहिली. हिराबाय मात्र पाटावरच. मॅडम घाबरल्या, धावत गेल्या, खाली बसून त्यांचा दंड धरला आणि हळूच विचारलं, "आजी, उठता येत नाहीये का?"

"उठता येतंय गो," हिराबाय म्हणाल्या. "पन मी उठले का माझी पोर जाईल."