तरसाला भावपूर्ण श्रद्धांजली

लंडनमधल्या एका स्टुडिओत मी लहान मुलांच्या अ‍ॅनिमेशन फिल्म्ससाठी काम करते, आणि माझ्याकडे बहुतेक वेळा पडण्याचे शॉट येतात. कुणी कड्यावरून पडतं, कुणी उकळत्या कढईत, कुणाच्या अंगावर पियानो पडतो. सुरुवातीला एका शॉटमधलं माझं टायमिंग सगळ्यांना आवडलं, तेव्हापासून पडणारे सगळे माझ्याच टेबलावर. या कामाचे काही अलिखित नियम आहेत. खलनायकाला नायकाने मारायचं नाही, तो स्वतःच्या हावरटपणामुळे पडला पाहिजे. पडण्याआधी तो जरासा हवेत तरंगतो, खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि जातो. खालून धुळीचा एक लहानसा ढग येतो. प्रेत दाखवायचं नाही. मुलं त्या ढगाला हसतात.

आमचा डायरेक्टर अतिशय सज्जन माणूस. खिडकीत कोळी दिसला तर त्याला ग्लासात धरून बाहेर सोडतो. माझा शॉट बघून मात्र हमखास म्हणतो, “छान आहे, पण अजून फनी कर.”

एका फिल्ममध्ये सर्कशीचा मालक असलेला तरस होता. त्याला मी इतक्या वेळा दरीत पाडलं की तो डोक्यातून जाईना. स्टॅनमोरच्या घरून ट्यूब ट्रेनने जाता-येता वाटायचं, खाली काय झालं असेल? कुणी बघायला गेलं असेल का? त्याच्या घरच्यांना कुणी कळवलं? घरी येऊन स्वस्थ बसवेना. चहा ठेवायची आणि तो उतू जायचा. शेवटी एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि तरसाचा फ्लेक्स बोर्ड काढला, आपल्याकडे चौकाचौकात लागतात तसा. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये गॉगल लावलेला तरस, आणि खाली ओळीने शोक करणाऱ्यांचे फोटो: पियानोखाली चपटा झालेला बोका, कढईत गेलेली घूस, विजेचा झटका बसून काळा ठिक्कर पडलेला आणि तरीही मोबाइल कानाला लावलेला कोल्हा. ‘कड्यावरून अकस्मात व अत्यंत विनोदी निधन. शोकाकुल: समस्त चेंगरलेले मित्रमंडळ, दरी विभाग.’

नवरा खूप हसला. मग म्हणाला, “ऑफिसात दाखवू नकोस.”

मी दाखवलं नाही, पण थांबलेही नाही. बोक्याचा बोर्ड झाला, घुशीचा झाला. ते सगळे गुंडाळून मी कॉव्हेंट्रीला मामाकडे घेऊन गेले.

मामा हाडांचा डॉक्टर. तरुणपणी नागपूरहून इथे आला, कॉव्हेंट्रीच्याच हॉस्पिटलमधून रिटायर झाला. त्याने सोफ्यावर सगळे बोर्ड मांडले, चष्मा लावला आणि वॉर्डात राउंड घेतल्यासारखा एकेकासमोर उभा राहिला.

“हा बोका वाचेल. नुसत्या बरगड्या गेल्यात. ही घूस मात्र गेली. हिला मी कुठे रेफर करू?”

मामी आमटीचं पातेलं घेऊन आली. “मेलेल्यांची कसली थट्टा करता? श्रद्धांजलीला हसतं का कुणी?”

“अगं, थट्टा मेलेल्यांची नाहीच आहे,” मामा म्हणाला. “आपली आहे. हसणाऱ्यांची.”

मामीला ते पटलं नाही. तिने बोर्ड गोळा करून जेवायला जागा केली.

पुढे वेम्बलीतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये काही जणांचं मिळून प्रदर्शन ठरलं आणि माझे बोर्ड घेतले गेले. मामा सगळ्या मित्रांना फोन करून सांगत सुटला. प्रदर्शन थोड्या दिवसांवर आलं असताना मामीचा मला स्टुडिओत फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

“हे पडले गं. गार्डनमध्ये. आता नाहीत.”

झालं होतं ते असं. मामाने पक्ष्यांसाठी एका खांबावर दाणे ठेवले होते आणि एक खार रोज चढून ते खाऊन जायची. तिला चढता येऊ नये म्हणून त्याने त्या खांबाला वनस्पती तूप फासलं. फासताना थोडं खालच्या लाकडी फळ्यांवर सांडलं. त्याच्यावरून तोच घसरला आणि डोकं पायरीवर आपटलं. ज्या हॉस्पिटलात त्याने आयुष्य काढलं तिथेच त्याला नेलं, पण काही उपयोग झाला नाही.

इथे क्रिमेटोरियमची तारीख लगेच मिळत नाही. तोपर्यंत लोक भेटायला येत राहिले आणि प्रत्येक जण विचारायचा, कसं झालं? मामी काहीही न गाळता सांगायची. खार, खांब, तूप. तुपाशी आलं की समोरच्याचे ओठ हसू आल्यासारखे हलायचे, मग तो घाईने खाली बघायचा. मामाचा एक जुना सहकारी, पंजाबी सर्जन, फुटून मोठ्याने हसला आणि तसाच हसता हसता रडायला लागला. मामीने त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

मी तिथे नीट बसूच शकत नव्हते. कप विसळायचे, कोट उचलून ठेवायचे, पुन्हा कप विसळायचे. कारण मामी सांगायला लागली की माझं डोकं आपोआप तो शॉट लावायचं: इथे पाय सटकला, इथे जरासं थांबायचं, इथे तो आपल्याकडे बघेल. मला ते बंद करता येईना.

एका दुपारी आम्ही दोघीच किचनमध्ये होतो. मी म्हटलं, “मामी, मी प्रदर्शनातून नाव काढून घेतेय.”

“का?”

“कसं दिसेल ते? तुला तर आधीही आवडलं नव्हतं.”

ती सिंकपाशी उभी होती. समोरच्या खिडकीतून तो खांब दिसत होता.

“मी इथेच उभी होते,” ती म्हणाली. “हे घसरले ते मी बघितलं. आणि मला हसू आलं. इतके मजेशीर पडले, दोन्ही हात वर करून. मी हसत हसत वाट बघत होते, आता उठतील आणि खारीला शिव्या देतील.” ती माझ्याकडे वळली. “पिक्चरमध्ये उठतात ना गं सगळे?”

“खलनायक नाही उठत.”

“मग पोरं हसतात कशाला?”

पोरांना हसवायचाच पगार मला मिळतो.

“नाव काढू नकोस,” मामी म्हणाली. “यांनी निम्म्या कॉव्हेंट्रीला सांगून ठेवलंय. लोक येतील.”

लोक आले. मामीही आली, पांढऱ्या साडीवर जाड कोट घालून. हॉलमध्ये मला पाच मिनिटं उभं राहवेना. मी बाहेर ईलिंग रोडच्या बाजारात जाऊन नको असलेली कोथिंबीर घेतली, परत आले, पुन्हा बाहेर गेले. तिसऱ्यांदा आत शिरले तेव्हा मामी तरसाच्या बोर्डासमोर खुर्ची टाकून बसली होती आणि एका वयस्कर इंग्लिश बाईला मराठी मजकूर समजावून सांगत होती. दरी विभाग म्हणजे काय, त्या कोल्ह्याने फोन का धरलाय. बाई हसली, तशी मामीही हसली. मग मामीने तिला शांतपणे सांगितलं, “माय हजबंड ऑल्सो फेल डाउन.” बाईने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसली. मी कोथिंबीर हातात घेऊन दाराशीच थांबले.

नंतर स्टुडिओत नव्या फिल्मचं काम आलं. या वेळी एक गिधाड बुरुजावरून पडणार होतं. मी शॉट केला आणि धुळीचा ढग विरल्यावर काही सेकंदांची रिकामी जागा सोडली. त्यात काहीच होत नाही, नुसती जमीन दिसते. डायरेक्टर म्हणाला, “इथे काही घडत नाहीये.” मी म्हटलं, “मुलांना दाखवून बघू या.” तो तयार झाला.

ट्रायल शोला मुलं ढगाला नेहमीसारखी हसली. मग ती रिकामी जमीन आली आणि हॉल एकदम गप्प झाला. कुणी रडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. फक्त हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरने ती जागा काढून टाकली. “फार जड झालं,” तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटून म्हणाला. मी वाद घातला नाही. ढग जरा मोठा केला, शॉट पाठवून दिला. मग बॅगेतून कोरा कागद काढला आणि गिधाडाला कुठला गॉगल शोभेल ते बघायला लागले.