दाराजवळची खाट

दुसरा पूल ओलांडून आम्ही भाजीबाजाराच्या मागे आलो तोवर माझे पाय बोलायला लागले होते. वन्सं थांबायला तयार नव्हत्या. "वहिनी, आत्ता बसलात तर उठायच्या नाहीत तुम्ही," म्हणाल्या. ते खरंच होतं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. बेघर माणसांच्या निवाऱ्यात सतरा वर्षं कामाला आहेत. चादरी बदलायच्या, औषधं द्यायची, हजेरी घ्यायची आणि कुणाला कुठली खाट ते ठरवायचं. दोन घोरणाऱ्यांच्या मधे त्या कमी ऐकू येणाऱ्याला झोपवतात. "एवढी अक्कल घरात दाखवली असतीस तर," असं आमचे हे त्यांना चिडवतात. "घरात घोरणारा तू एकटाच होतास," त्या म्हणतात.

पण या खेपेला त्यांचं चुकलं. शिंपीबाबा नावाने ओळखले जाणारे एक म्हातारे चार महिने दाराजवळ झोपत. तिथे वारा लागतो म्हणून वन्संनी त्यांना आतली, खिडकीखालची खाट दिली. निवाऱ्यातली सगळ्यात चांगली. त्यानंतर दोन रात्री ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सातच्या हजेरीला माणूस नसला की नाव कापतात, आणि बाहेर थांबलेल्यांची यादी ही एवढी. आज तिसरा दिवस, आणि संध्याकाळचे साडेपाच होऊन गेले होते. मी मनातल्या मनात नाम घेत चालत होते.

बाबा सापडले ते बसस्टँडच्या शेवटच्या बाकावर, गाठोडं मांडीवर घेऊन.

"बाबा, काय चुकलं माझं?" वन्संनी विचारलं.

"खाट झकास होती. पण दारापर्यंत मधे चौदा माणसं. इतकी वर्षं रस्त्यावर काढल्यावर दार दिसल्याशिवाय डोळा लागतो का?"

"मला वाटलं, गारठा..."

"तुम्हाला वाटलं. मला विचारलं नाहीत."

वन्सं खाली फरशीवरच बसल्या. "चुकले. तुमच्या जुन्या खाटेवर आता एक हमाल झोपतो. त्याला समजावून हलवते. मग याल?"

"दाराजवळची मिळाली तर बघतो," बाबा म्हणाले. पण उठले नाहीत.

स्टँडच्या घड्याळात सव्वासहा झाले होते. वन्संनी मला खांबाआड नेलं.

"वहिनी, मी पुढे पळते, खाट मोकळी करते. तुम्ही यांना उठवा आणि सातच्या आत घेऊन या. वाटेत काहीही बोला, तुमच्या देवाचं बोला, पण घर कुठलं, मुलं किती, तेवढं विचारू नका."