आजोबांच्या हुक्क्यासाठी तीन तऱ्हेचा कोळसा

१९९८ चा मे महिना, रविवार सकाळ. बोरी बुद्रुकला आमच्या ओसरीवर तीन तऱ्हेचा सहा किलो कोळसा, किंमत चौतीस रुपये. हजर मी, माझी बायको आणि धाकटी बहीण सुनंदा.

सुनंदाला बघायला निमगाव सावाहून पाहुणे येणार होते. मध्यस्थाने बजावलं होतं, "पोराचा आजा हो म्हनला की सोयरीक झाली. म्हातारा हुक्का वढतो. मागच्या घरी धुरकट कोळसा दिला, तर चहा न घेता उठला राव." आमच्या घरात कोणी सुपारीही खात नाही (पाहुण्यांना आमची तेवढीच थोरवी सांगितली होती). म्हणून हुक्का आणि तंबाखू जुन्नरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उसना आणला. राहिला कोळसा. बाभळीचा नऊ रुपये किलो, इस्त्रीवाल्याकडचा पाच, लोहाराकडचा दगडी तीन. दोन-दोन किलो आणले.

"सरळ बाभळीचा वापरा की," बायको म्हणाली.

"तिप्पट भाव आहे. तिप्पट वेळ टिकतो का ते मोजायला नको?"

"मोजा. पण अहो, ओढणार कोण?"

हा प्रश्न माझ्या हिशेबात नव्हता. शेवटी एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात नळी घेऊन मीच बसलो. दगडी कोळशाच्या वासाने म्हशीने दावं तोडलं. इस्त्रीच्या कोळशाला ओसरीचे खांब हलायला लागले. बाभळीच्या वेळी घड्याळात चार काटे दिसत होते, आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवेपर्यंत पाहुणे दारात उभे. तासभर आधी!

मुलाच्या वडिलांनी माझे लाल डोळे पाहिले, तोंडातली नळी पाहिली. "हेच का ते निर्व्यसनी घर?"

"मी ओढत नाही," मी म्हणालो. शब्दांबरोबर धूरही बाहेर आला.

"चला, उठा आबा," ते आजोबांना म्हणाले. आजोबा अजून बसलेही नव्हते. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने तो खाली ठेवला आणि माझी वही उचलून सगळ्यांसमोर वाचली.

"दगडी, नऊ मिनिटं, खोकला. इस्त्रीचा, चौदा मिनिटं, मळमळ. बाभळीचा, कधी सुरू केला आठवत नाही." मग म्हणाली, "दादा ओढत नाही. स्वस्त कोणता पडतो ते बघतोय."

आजोबा धोतर सावरून बसलेच. "लेका, बस खाली," ते मुलाच्या वडिलांना म्हणाले. "किलोमागं दोन-चार रुपयं वाचवाया जो मरायला टेकलाय, त्यो व्यसन कशाला करंल? परवडंल का त्याला?"

सोयरीक तिथेच ठरली. मी अडखळत विचारलं, "आबा, यातला कोणता लावू?"

"कोळसा इकत आनला व्हय?" ते चकित झाले. उठून आत गेले, चहाच्या चुलीतला एक निखारा चिमट्याने उचलला, चिलमीवर ठेवला आणि डोळे मिटून सावकाश ओढू लागले.

जाताना त्यांनी अकरा रुपये दिले ते माझ्या बायकोला. "इस्तू झ्याक व्हता, पोरी." मला त्यांनी लिंबू चोखायला सांगितलं. लिंबू घरचंच होतं.