सात नंबरची बाटली

अन्याय झाला तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीवर. प्रात्यक्षिक परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी साडेदहाला. आणि तो मी केला. पोलीस खात्यातून निवृत्त झालो, तरी तो मंगळवार पाठ सोडत नाही.

मुलगी मुकुंदवाडीची. आई त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर. परीक्षेत नंबर घातलेल्या बाटलीत अनोळखी पूड देतात. पाण्यात, सोड्यात विरघळते का बघून, चाचण्या करून ती ओळखायची. कोणत्या बाटलीत काय, त्या तक्त्याचा लिफाफा उघडा सापडला, म्हणून कॉलेजनं तक्रार दिली. मग निनावी फोन आला : लॅबची चावी त्या पोरीच्या आईकडं, मग तक्ता कुणाकडं? मी मुलीला ठाण्यावर उचलून आणलं.

दोन दिवस सकाळपासून दिवे लागेपर्यंत बाकावर बसवली. ती एकच सांगायची, टेस्ट करून लिहिलं, सर.

आमच्या फौजदारबाई रसायनशास्त्र शिकलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, तक्त्यात सात नंबरला बेंझोइक ॲसिड आहे. हिनं सॅलिसिलिक लिहिलं आणि ते चूक धरलंय. तक्ता बघितला असता तर चुकली असती का? बाटली तपासू या."

मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच झोंबला. वरिष्ठांच्या बैठकीत दोनदा शाबासकी बाईंना मिळाली होती, माझ्या बत्तीस वर्षांना एकदाही नाही. "हे ठाणं हाय बाई, लॅब नाय," म्हणालो आणि त्यांना मुद्देमालाच्या नोंदींना बसवलं.

तिसऱ्या दिवशी आई आली. "चूक माझी हाय, साहेब. बाटल्या मीच भरल्या. दोन्ही पुडी पांढऱ्या, बरण्या शेजारी. सातमधी दुसरीच भरली वाटतं. नोकरी गेली तर जाऊ द्या, लेकीला सोडा."

पंचांसमोर बाटली उघडली. दोन्ही ॲसिडं सोड्यात सारखीच फसफसतात. पण फौजदारबाईंनी फेरिक क्लोराईडचे दोन थेंब टाकले आणि द्रावण जांभळं झालं. बेंझोइकला तो रंग येत नाही. मुलगी बरोबर होती.

परीक्षेत तीच बाटली आणखी एका मुलाला आली होती. त्यानं बेंझोइक लिहून पूर्ण गुण घेतले होते. रंग कोणता आला, विचारलं. कुठलाच नाही, म्हणाला. बाईंनी जांभळी नळी त्याच्यापुढं धरली. मग तक्त्याचा मोबाईलवरचा फोटो, निनावी फोन, सगळं निघालं.

"दर वर्षी तीच पहिली," तो म्हणाला. "घरी जेवताना पण तिचंच नाव."

जबाब मीच लिहून घेतला. तो वीस वर्षांचा होता. मी सत्तावन्न.

निकाल दुरुस्त झाला, आईची नोकरीही राहिली. ते दोन दिवस मात्र स्टेशन डायरीत माझ्या सहीनं तसेच आहेत.

तुमच्या सहीनं कुणाचं बरंवाईट होत असेल, तर हाताखालचं जे माणूस तुम्हाला सलतं, त्याचं म्हणणं आजच्या आज तपासा. उद्या नाही.