अधिकाचं वाण

"जावयबापू, पिशवी निंगाली," एवढंच बोलून आई फोन ठेवून द्यायच्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, गव्हाणच्या हिराबाय. पिशवी कोणाबरोबर निघाली, कुठे उतरणार, आत काय आहे, यातलं काही म्हणजे काही सांगायच्या नाहीत. परत फोन केला तर उचलायच्या नाहीत, कारण त्यांच्या मते काम झालेलं असायचं. मग ऐन मे महिन्यात, भर दुपारी, मी पनवेलच्या स्टँडसमोर प्रत्येक रिक्षाच्या सीटमागे वाकून बघत उभा. एकदा पिशवी आणणारा माणूस लग्नाला निघालेला होता, तो पिशवीसकट थेट पेणला गेला. त्यातही दोष माझाच. "तुमी हाक नाय मारली!" अहो, पण कोणाला मारू हाक?

यात एवढं वैतागण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. माझा आणि सुवर्णाचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, घटस्फोट होऊन वर्ष होत आलं तरी पिशवी चालूच होती.

आईंचं सगळं आयुष्य मिठागरात उन्हातान्हात गेलेलं. त्यामुळे भेटवस्तूंबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "उनात टिकल तीच भेट. बाकी सगला देखावा." लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांच्यासाठी हौसेने क्रीमचा केक नेला होता. गव्हाणला पोचेपर्यंत त्याचं व्हायचं ते झालं. आईंनी खोक्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि सुवर्णाला म्हणाल्या, "जा, वाटी आन. जावयबापूंनी कढी आनली."

त्यांची स्वतःची खरेदी बघणं म्हणजे शिक्षा. सुके बोंबील घ्यायचे तर एकेक कानाशी नेऊन मोडायच्या. कट्‌कन आवाज आला तरच पाटीतून पिशवीत. सोडे चावून बघायच्या. विकणारी बाई ओरडायची, आई तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडायच्या, आणि मी घामाने निथळत बाजूला उभा राहून ही बाई आपली कोणी नाही असा चेहरा करायचो. "कोनाला द्यायचं त्याचं तोंड डोल्यासमोर आनायचं, मंग हात घालायचा," त्या म्हणायच्या. माझं तोंड डोळ्यासमोर आणून त्यांनी लग्नानंतरच्या त्या पहिल्याच वर्षी अधिक महिन्यात, मे संपता संपता, मला काय दिलं? जाडजूड सूटचं कापड. तेही शिवून! वर तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, त्यात दिवा. तो सूट घालून मी पत्र्याच्या घरात पाटावर बसून सात धोंडे खाल्ले. "आई, जरा पातळ कापड चाललं असतं," असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "पातल कपडा जावयाला देत नायत. लोक बोट लावून बगतात."

घटस्फोट का झाला ते इथे सांगत बसत नाही. भांडणं झाली, दोघांनीही दमून सह्या केल्या. मला वाटलं, चला, निदान पिशवीतून सुटलो. कसलं काय! एप्रिल लागला आणि फोन आला. मी चांगलं समजावून सांगितलं की आई, आता मी तुमचा जावई नाही. त्या म्हणाल्या, "सया तुमी दोगांनी केल्या. मला कोनी इचारलं?" आणि फोन ठेवला. त्या वर्षीची पिशवी मी घरी नाही म्हणून परस्पर बँकेत आली. बँकेत, माझ्या टेबलावर, एसी चालू असताना दोन किलो सुके बोंबील! साहेब केबिनमधून बाहेर येऊन विचारत होते की उंदीर मेलाय का. मी मान खाली घालून फॉर्म तपासत बसलो.

डिसेंबरात सुवर्णाचं ठाण्याला दुसरं लग्न झालं. आणि या उन्हाळ्यात पुन्हा अधिक महिना आला. सुवर्णाचा फोन आला, दोन वर्षांत पहिल्यांदा. आवाज रडवेला. "आई बाजारात अधिकाची खरेदी करतेय म्हणे. तुला वाण आणलं आणि इकडे कळलं, तर माझी काय शोभा होईल? तू तरी बंद कर हे. तुझं ऐकेल ती." माझं ऐकेल! पण तिचं खरं होतं. नव्याने मांडलेला संसार, त्यात जुन्या जावयाला वाण. कोणाला चालेल?

पुढच्या गुरुवारी मला सुट्टी होती. दुपारी दीडला बेल वाजली. दारात आई. डोक्यावर पदर, तोंड लालबुंद. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, पाठ केलेलं सगळं भडाभडा बोलून टाकलं. "आई, बास आता. तिचं घर मोडायचंय का तुम्हाला? मला काही नको. यापुढे पिशवी नको, वाण नको, काही नको!"

त्या पंख्याखाली फरशीवर बसल्या आणि दम खाऊन म्हणाल्या, "वान ठान्याला दिलं. सोमवारी. जावई आता तो. तुमाला काय आनलं नाय."

मी बघितलं. हात खरंच रिकामे होते. दोन वर्षं जे ऐकायची वाट बघत होतो ते ऐकलं, आणि मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

"मग एवढ्या उन्हात आलात कशाला?" मी ओरडलोच.

"जेवाय."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. आम्हाला मूल झालं नाही. संसार होता तितकी वर्षं या घरात त्यांनी चहावर भागवलं होतं. सुवर्णा ताट वाढून रडायची, तरी हात लावला नव्हता.

"लेकीचं घर होतं, नाय जेवले," त्या म्हणाल्या. "आता हे लेकीचं घर नाय. वान जावयाला देतात, पोराला नाय देत. पोराच्या घरी आई जेवते. चल सुहास, भूक लागली. काय असंल ते वाढ."

आठ वर्षांत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं.

घरात होता सकाळचा भात आणि दही. वाढायच्या घाईत दही ओट्यावर सांडलं. आईंनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"भात कच्चा हाय."

"आई, गपचूप जेवा!" मी म्हटलं.

गपचूप काही त्या जेवल्या नाहीत. पण ताटातला सगळा भात संपवला आणि आणखी मागितला.